डाग दिसण्याआधी : फळे-भाज्यांच्या नासाडीवर एक संवाद

झाडापासून तोडलेले फळ किंवा भाजी लगेच मरत नाही. तिचे श्वसन चालू राहते, साठवलेली साखर खर्च होत जाते, साल सैल पडते, आणि हा ऱ्हास जसजसा पुढे सरकतो तसतसा बुरशीला आत शिरण्याचा मार्ग मोकळा होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या एकमेकांना लागून वाढलेल्या शहरांच्या पट्ट्यात हा प्रश्न दोन बाजूंनी उभा राहतो. एका बाजूने ही शहरे मोठी गिऱ्हाइके आहेत : नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून मुरबाडमार्गे येतो, नाशिकचा कांदा कसारा घाटातून येतो, आणि कल्याणच्या बाजार समितीतून हा माल उल्हासनगरच्या पाचही कॅम्पांतल्या दुकानांपर्यंत आणि स्थानकांबाहेरच्या हातगाड्यांपर्यंत पोहोचतो. दुसऱ्या बाजूने बदलापूरचा परिसर स्वतःही फळ देतो, आणि भौगोलिक मानांकन लाभलेले तिथले जांभूळ नेमके मेअखेर ते जून या काळात, म्हणजे पावसाच्या तोंडावर, पिकते.

पुढील संवादातील दोन्ही वक्ते प्रातिनिधिक आहेत. एक उल्हासनगरातील फळभाजीचा घाऊक व्यापारी आहे, ज्याची भिस्त रोजच्या व्यवहारातून आलेल्या जाणकारीवर आहे. दुसरी वनस्पतिरोगशास्त्राची प्राध्यापिका आहे, जिचे लक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या घडामोडींवर असते. नासाडी होते हे दोघांनाही मान्य आहे. ती केव्हा सुरू होते आणि तिचा भुर्दंड कोणी सोसावा, यावर त्यांचे मतभेद आहेत.

व्यापाऱ्याची पहिली मांडणी सरळ आहे. “मॅडम, पहाटे क्रेट उघडावेत तर टोमॅटो टणक आणि लालबुंद असतो, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच क्रेटच्या तळातून पाणी गळू लागते. म्हणजे नासाडी इथेच होते, पत्र्याखालच्या उकाड्यात आणि दमट हवेत. शीतगृह मिळाले तर अर्धा प्रश्न तिथेच मिटेल.”

प्राध्यापिकेच्या मते क्रेटमधून पाणी गळणे हा गोष्टीचा शेवट आहे. टोमॅटोला अशी मऊकूज आणणारी एक बुरशी म्हणजे ऱ्हायझोपस. तिचे बीजाणू, म्हणजे बियांचे काम करणारे पण डोळ्यांना न दिसणारे कण, मातीत, हवेत, जुन्या क्रेटच्या कोपऱ्यांत आणि वाहनाच्या फळीवर सर्वत्र असतात. धड सालीतून आत जाण्याची ताकद त्यांच्यात नसते; त्यांना जखम लागते. देठ ओढल्यावर राहिलेला चट्टा, क्रेटच्या कडेने पडलेली चीर किंवा वरच्या थराच्या वजनाने दबून फुटलेली साल त्यांना पुरते. आत शिरल्यावर बुरशी विकरे सोडते, म्हणजे पदार्थांचे विघटन घडवणारी प्रथिने, आणि फळाच्या पेशींना विटांमधल्या चुन्याप्रमाणे एकत्र धरून ठेवणारे पेक्टिन ती विरघळवून टाकते. पेशी सुट्या होतात, रस बाहेर येतो, आणि बाजारात ‘पाणी सुटले’ असे जे म्हणतात ते हेच. “शेठ, तुम्ही पहाटे पाहिलेल्या टणक टोमॅटोंपैकी काहींच्या देठाजवळ बुरशीचे तंतू त्या वेळी आत शिरलेले होते,” असे ती सांगते. “घाटाच्या वळणांवर माल दबला तेव्हा जखम झाली, आणि प्रवासाच्या उबेत बीजाणू रुजले. तुमच्या गाळ्यावर त्या फळाचा फक्त शेवट दिसला.”

ही बुरशी जवळून पाहिली तर तिचा स्वभाव कळतो. फुटलेल्या टोमॅटोवर आधी पांढऱ्या, कापसासारख्या सैल तंतूंची लव येते; एक-दोन दिवसांत त्या तंतूंच्या टोकांवर टाचणीच्या डोक्याहूनही बारीक काळे ठिपके उभे राहतात, आणि त्या प्रत्येक ठिपक्यात बीजाणूंचा साठा असतो. तंतू एका फळावर थांबत नाहीत. शेजारच्या फळाला टेकले की तेथे मुळांसारखे बारीक धागे रोवतात आणि नवा घड उभा करतात. एकाच सडक्या फळाभोवती पाच-सहा फळांचे घरटे बनलेले दिसते ते त्यामुळे. शेजारच्या निरोगी फळाला स्वतःची जखम असण्याचीही मग गरज राहत नाही, कारण सडक्या फळातून पाझरणाऱ्या रसातली विकरे त्याची साल बाहेरूनच मऊ करतात.

व्यापारी हे नाकारत नाही, पण त्यातून निघणारा अर्थ त्याला मान्य नाही. माल जर वाटेतच बिघडत असेल तर दोष पाठवणाऱ्याचा, आणि तरीही पैसे कापले जातात ते शेवटच्या हातात माल असलेल्याचे, ही त्याची तक्रार आहे. प्राध्यापिका येथे आंब्याचे उदाहरण पुढे करते, कारण आंब्याची गोष्ट दोष वाटून देण्याच्या सवयीलाच धक्का देते. करपा रोगाची कोलेटोट्रायकम ही बुरशी जखमेची वाट पाहत नाही. मोहोर किंवा कोवळी कैरी झाडावर असताना पावसाच्या थेंबांबरोबर किंवा दवाबरोबर तिचा बीजाणू फळावर येतो, रुजतो, सालीला घट्ट चिकटणारा काळसर फुगवटा तयार करतो, त्यातून बारीक खुंटी आत घुसवतो आणि मग थांबतो. कच्च्या आंब्याच्या सालीत रेसॉर्सिनॉल गटातली बुरशीरोधक द्रव्ये असतात आणि त्यांच्यामुळे ती पुढे सरकू शकत नाही. अशा दबलेल्या संसर्गाला सुप्त संसर्ग म्हणतात. फळ पिकू लागले की ती द्रव्ये घटतात, साखर वाढते, आणि झोपलेली बुरशी जागी होते. आढीत किंवा ग्राहकाच्या घरी पिवळ्या सालीवर काळे, थोडे खोलगट डाग पडतात. इस्राएलमधील डॉव्ह प्रुस्की यांनी सुप्त संसर्गावर केलेल्या दीर्घ संशोधनातून हा संबंध स्पष्ट होत गेला. देठाजवळून आत उतरणारी देठकूज, जी लासिओडिप्लोडियासारख्या बुरशींमुळे होते, तिचीही सुरुवात बागेतच, वाळलेल्या फांद्यांवर वाढणाऱ्या बुरशीपासून होते.

“म्हणजे शेतकऱ्याच्या बागेत पडलेल्या पावसाचा दंड उल्हासनगरच्या हातगाडीवाल्याने भरायचा,” असे व्यापारी म्हणतो, आणि या वाक्यात तथ्य आहे हे मान्य करावे लागते. प्राध्यापिकाही ते मान्य करते. बागेतल्या वाळक्या फांद्या छाटणे, मोहोराच्या काळात योग्य फवारणी करणे आणि काढणीनंतर सुमारे ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात आंबा काही मिनिटे बुडवणे, ज्याने सालीतली बुरशी बऱ्याच अंशी मरते आणि फळ शिजत नाही, हे उपाय तिला माहीत आहेत. पण ते सगळे मूळ ठिकाणी करायचे आहेत आणि त्यांचा फायदा मिळतो तो साखळीच्या दुसऱ्या टोकाला. खर्च एकाचा आणि नफा दुसऱ्याचा असेल तर उपाय कागदावर राहतो.

व्यापारी आणखी एक मुद्दा उपस्थित करतो, आणि या ठिकाणी त्याचे पारडे जड आहे. हापूस कापल्यावर आत पांढुरका, स्पंजासारखा, आंबट गर निघतो, ज्याला साका म्हणतात. ग्राहक तोही सडका म्हणून परत आणतो. साका हा फळाच्या शरीरक्रियेतला बिघाड आहे, त्याच्याशी बुरशीचा संबंध नाही. त्याचप्रमाणे कोबी, बटाटा, गाजर अशा भाज्यांना जी दुर्गंधीयुक्त, चिकट कूज लागते ती बहुतेकदा जिवाणूंची असते. आंबट फळांच्या रसात जिवाणू सहसा तग धरत नाहीत आणि मैदान बुरशीला मिळते. भाज्यांचा रस तितका आंबट नसतो, म्हणून तिथे जिवाणू पुढे असतात. हे भेद न करता सरसकट ‘बुरशी लागली’ म्हटले की उपायही चुकीचे होतात.

शीतगृहाच्या प्रश्नावर दोघांचे खटके अधिक उडतात. ऱ्हायझोपस सुमारे पाच अंशांखाली जवळजवळ थांबते, हे व्यापाऱ्याच्या बाजूचे सत्य आहे. परंतु नाशिकच्या द्राक्षांवर करडी मखमल पसरवणारी बोट्रायटिस ही बुरशी शून्य अंशालाही हळूहळू वाढते, आणि म्हणून द्राक्षाच्या पेटीत गंधकाचा धूर हळूहळू सोडणारे कागद ठेवावे लागतात. शिवाय उष्ण प्रदेशातल्या भाज्यांना थंडी सोसत नाही. भेंडी, काकडी आणि पिकू घातलेला टोमॅटो दहा अंशांच्या खाली दिवसचे दिवस ठेवला की पेशींना शीतइजा होते, सालीवर खड्डे पडतात, आणि बाहेर काढल्यावर त्या खड्ड्यांत अल्टरनेरियासारखी काळी बुरशी पहिल्यापेक्षा लवकर वाढते. “भेंडी, काकडी आणि कोथिंबीर एकाच थंड खोलीत कोंबली तर त्यांपैकी कुणाचे तरी नुकसान ठरलेले आहे,” असे ती सांगते. थंड माल जूनच्या हवेत उघडला की त्यावर पाण्याचे थेंब जमतात, ज्याला व्यापारी माल घामाघूम झाला असे म्हणतात, आणि बीजाणूला रुजण्यासाठी नेमके तेच हवे असते.

वीज न लागणाऱ्या शीतकक्षाचा पर्याय येथे स्वाभाविकपणे येतो. दुहेरी विटांच्या भिंती, मधे ओली वाळू आणि वरून गवताचे झाकण अशी ही रचना १९८०च्या दशकात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विकसित झाली. पाण्याच्या बाष्पीभवनाने आतली हवा गार होते. कोरड्या उन्हाळ्यात तिचा उपयोग मोठा आहे. पण ही रचना हवेच्या कोरडेपणावर चालते, आणि जून ते सप्टेंबर या काळात उल्हास नदीच्या खोऱ्यात हवा आधीच पाण्याने भरलेली असते. तेव्हा बाष्पीभवन मंदावते आणि कक्षात ओलावा तेवढा राहतो. एका प्रदेशात यशस्वी ठरलेला उपाय दुसऱ्या प्रदेशात तसाच नेण्याआधी हवामान पाहायला हवे, हा प्राध्यापिकेचा आग्रह योग्य आहे.

पाणी शिंपडण्याच्या प्रथेवर मात्र व्यापारी अडून बसतो. पालेभाजीवर पाणी मारले नाही तर ती दुपारपर्यंत मान टाकते आणि विकली जात नाही. प्राध्यापिका पालेभाजीपुरते हे मान्य करते, परंतु तोच हात टोमॅटो, मिरची आणि काकडीवरही फिरतो याकडे ती लक्ष वेधते. उन्हात तापलेला टोमॅटो गार पाण्यात टाकला तर त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या चट्ट्यातून पाणी आत ओढले जाते. त्या पाण्याबरोबर बीजाणू आणि जिवाणूही आत जातात. म्हणून धुण्याचे पाणी फळापेक्षा थोडे कोमट आणि क्लोरीनयुक्त असावे, असा शास्त्रीय संकेत आहे. दिवसभर तीच बादली वापरली गेली तर तिच्यातून सडक्या फळाचे बीजाणू चांगल्या फळांना वाटले जातात.

आता जांभळाकडे यावे लागते, कारण या पट्ट्याच्या दृष्टीने तोच सर्वांत नाजूक विषय आहे. आंबा किंवा केळे कच्चे उतरवून पिकवता येते; जांभळाच्या बाबतीत ती सोय नाही. ते झाडावरच पिकते, म्हणून ते उतरवले जाते तेव्हा त्याच्या आयुष्याचा बराच भाग संपलेला असतो, आणि घरातल्या तापमानाला ते दोन-तीन दिवसांपलीकडे क्वचितच टिकते. साल कागदाहून पातळ, गर रसाळ, आणि देठ ओढला की टोकाशी साल फाटण्याची शक्यता मोठी. फांदी हलवून पाडलेले फळ खाली आपटते, मातीला लागते, आणि पहिल्या पावसाने भिजलेली माती ऱ्हायझोपस, ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या बुरशींच्या बीजाणूंनी भरलेली असते. त्यातच जांभळाच्या पानांवर ठिपके पाडणारी आणि फळे कुजवणारी करप्याच्या कुळातली बुरशी झाडावर आधीच असते. बदलापुरात स्थानकाबाहेर आणि रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांकडे हे फळ येते तेव्हा तळाच्या थरावर वरच्या फळांचा भार असतो, जांभळा रस पानांवर उतरलेला असतो, आणि त्या रसात जंगली यीस्ट, म्हणजे साखर आंबवणाऱ्या एकपेशीय बुरशी, कामाला लागलेल्या असतात. संध्याकाळपर्यंत टोपलीला जो आंबूस वास येतो तो त्यांचाच.

व्यापाऱ्याला या फळात रस नाही, कारण त्यात धोका फार आहे. “रात्री घेतलेला माल सकाळी अर्धा गळका निघतो, असे फळ गाळ्यावर कोण ठेवील?” त्याच्या मते जांभूळ हे दारात विकण्याचे फळ आहे, मानांकन मिळाल्याने त्याची साल जाड झालेली नाही. प्राध्यापिका याला विरोध करते. फळाचा स्वभाव बदलता येत नाही, पण त्याला दिली जाणारी वागणूक बदलता येते. झाडाखाली जाळी किंवा कापड धरून फळ मातीला लागू न देणे, दव आणि पावसाचे पाणी वाळल्यावरच तोडणी करणे, देठासह घड उतरवणे, खोल टोपलीऐवजी दोन-तीन थरांचा उथळ क्रेट वापरणे, फुटलेली फळे तिथल्या तिथे वेगळी करणे आणि उरलेली काही तासांत आठ-दहा अंशांपर्यंत गार करणे, एवढ्याने फळाचे आयुष्य दुपटीहून अधिक वाढू शकते. फुटलेल्या पण न सडलेल्या फळांचा गर त्याच दिवशी काढून गोठवला तर त्यालाही भाव आहे. या सर्वांत एकही रसायन नाही, आणि हे तिने मुद्दाम सांगितलेले दिसते. काढणीनंतरच्या बुरशीनाशकांवर तिचा फारसा भरवसा नाही : १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या बेन्झिमिडॅझोल गटातल्या औषधांना काही वर्षांतच पेनिसिलियम आणि बोट्रायटिस यांचे प्रतिकारक्षम वाण तयार झाले, आणि साल काढल्याशिवाय खाल्ल्या जाणाऱ्या जांभळासारख्या फळावर औषधाचा अंश ठेवणे मुळातच गैर आहे.

संवादाचा सर्वांत कठीण भाग दागी मालाचा आहे. संध्याकाळी स्थानकांबाहेर अर्ध्या किमतीचे ढीग लागतात; त्यात एका बाजूने मऊ पडलेला टोमॅटो, काजळी धरलेला कांदा, डाग पडलेले सफरचंद असते. व्यापारी कळकळीने सांगतो की हे ढीग बंद केले तर ज्या घरांत महिनाअखेर फळ येते ते फक्त याच वाटेने, त्या घरांत तेही येणार नाही. “मॅडम, नियम करणाऱ्याला डाग दिसतो, घेणाऱ्याला भाव दिसतो.” या बोलण्यातली माणुसकी खरी आहे, आणि ती बाजूला सारून केवळ आरोग्याच्या नावाने निर्णय देणे उचित नाही.

प्राध्यापिकेचे उत्तर म्हणूनच ‘सगळे फेका’ असे नाही. डागाडागांत फरक आहे, असे ती म्हणते. कांद्यावरची काळी पूड ॲस्परजिलस नायजरची. आतले थर टणक असतील तर वरचे बाधित थर काढून, धुऊन कांदा वापरता येतो. गाजर, कोबी यांसारख्या घट्ट भाजीत बुरशीचे तंतू फार खोल सहज जात नाहीत, म्हणून डागाभोवती आणि डागाखाली किमान अडीच सेंटीमीटर भाग कापून उरलेला वापरण्यास हरकत नसते. संत्र्या-मोसंबीवर मधे हिरवी पूड आणि भोवती पांढरे कडे असा जो डाग पडतो तो पेनिसिलियम डिजिटॅटमचा; हात लावताच पूड उडते आणि खोक्यातल्या इतर फळांच्या ओरखड्यांत जाते, म्हणून ते फळ आधी बाजूला काढायला हवे. परंतु टोमॅटो, पीच, द्राक्ष, जांभूळ अशा रसाळ फळांत डाग कापून भागत नाही, कारण तंतू आणि त्यांनी सोडलेली द्रव्ये डोळ्यांना चांगल्या दिसणाऱ्या गरातही पसरलेली असतात. सफरचंदावर निळसर बुरशी आणणारी पेनिसिलियम एक्स्पान्सम पॅट्युलिन नावाचे विष तयार करते, जे रस उकळूनही पूर्ण नष्ट होत नाही. सफरचंदाच्या रसात किलोला ५० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत आहे आणि भारतातही तीच आहे. म्हणून सडके सफरचंद कापून खाणाऱ्यापेक्षा अशा फळांचा रस काढून विकणारा अधिक धोका पसरवतो.

टोमॅटोच्या सॉसबाबत तर शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच एक युक्ती शोधली गेली. १९११ साली अमेरिकेत बी. जे. हॉवर्ड यांनी टोमॅटोच्या रसात बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजण्याची पद्धत सुचवली. शिजवल्याने बुरशी मरते, पण तिच्या तंतूंच्या भिंती टिकून राहतात, त्यामुळे मसाला आणि साखर घालून चव लपवली तरी सडका माल वापरल्याचा पुरावा बाटलीत शिल्लक राहतो. भारतातील टोमॅटो-पदार्थांच्या मानकांतही बुरशीची मोजणी आहे. व्यापाऱ्याला ही माहिती नवी वाटते, आणि मऊ टोमॅटो स्वस्तात उचलणाऱ्या गिऱ्हाइकांविषयी तो प्रथमच थोडा थांबून बोलतो : मऊ झालेला आणि सडलेला या दोन ढिगांत फरक करण्याची तयारी तो दाखवतो, मात्र त्यासाठी निवडीची मजुरी लागेल हेही लगेच जोडतो.

बुरशीविषयी प्राध्यापिकेच्या बोलण्यात कुठेही द्वेष नाही, हे नोंदवण्यासारखे आहे. १९४३ साली अमेरिकेतील पेओरिया येथे बाजारातल्या बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियमचा जो वाण सापडला, त्याच्यापासून पेनिसिलीनच्या व्यापारी उत्पादनाचे वाण पुढे तयार झाले. १९५४ साली पिंपरीत स्थापन झालेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना याच परंपरेतला. सडलेले फळ मातीला परत मिळवून देण्याचे काम बुरशी कोट्यवधी वर्षे करत आली आहे. माणसाने फळ झाडापासून शंभर-दोनशे किलोमीटर दूर नेऊन चार दिवसांनी खाण्याचे ठरवले, आणि ते काम अवेळी झाल्यासारखे वाटू लागले.

शेवटी चर्चा पुन्हा पैशाकडे वळते. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोमॅटोचे नुकसान सुमारे साडेबारा टक्के आणि पेरूचे जवळजवळ सोळा टक्के दिसले. यात दबणे, फुटणे, वाळणे हे सर्व येते, केवळ बुरशीचा वाटा नव्हे. पण दबणे आणि फुटणे हीच बुरशीची दारे असल्याने हे आकडे वेगळे ठेवणेही कठीण. व्यापारी हे नुकसान भावात आधीच धरतो : दर क्रेटमागे काही फळे जाणार हे गृहीत धरून तो खरेदीचा भाव पाडतो आणि विक्रीचा वाढवतो. हातगाडीवाल्याला किंवा टोपलीवालीला अशी सोय नसते. तिचा माल सडला की तिचा दिवस गेला. उथळ क्रेट, झाडाखालची जाळी आणि निवडीची मजुरी यांचा खर्च घाऊक व्यापाऱ्याने उचलावा, कारण भाव ठरवण्याची ताकद त्याच्याकडे आहे, असे प्राध्यापिका सुचवते. व्यापारी क्रेट द्यायला तयार होतो, पण क्रेट परत येण्याची हमी मागतो, आणि सडलेल्या फळाच्या वजनाची कपात मूळ गावी, तोडणीच्याच दिवशी, दोन्ही पक्षांसमोर व्हावी अशी अट घालतो. तोडणीच्या दिवशी सुप्त संसर्ग दिसत नाही, त्यामुळे ही अट आंब्याला लागू पडणार नाही, असे प्राध्यापिका लक्षात आणून देते. जांभळाला ती लागू पडेल, आणि सुरुवात तिथूनच करावी यावर दोघांचे जमते.